पंधरवड्याचा एक डाव

क्रिकेटचे पहिले पैसे मला टेनिस बॉलने दिले. आमच्या भागात तुरीची रास झाली, तुराट्या बांधावर गेल्या की रानं मोकळी होतात आणि पाऊस पडेपर्यंत स्पर्धांना नुसता ऊत येतो. आळंद, निंबर्गा, मादन हिप्परगा, खजुरी; सीमेपलीकडे वागदरी, अक्कलकोट, मुरूम, उमरगा. आठ-आठ षटकांचे सामने. पहिलं बक्षीस कुणाच्या तरी स्मरणार्थ, दुसरं एखाद्या गुत्तेदाराकडून, मालिकावीराला कूलर. कॉमेंट्रीवाला एका वाक्यात कन्नड, दुसऱ्यात मराठी आणि चेंडू दोरीपलीकडे गेला की थेट हिंदी. अशा स्पर्धेत तुमचा संघ हरला पण तुम्ही चाललात, तर दुसऱ्या गावची माणसं येऊन विचारतात, "पुढच्या रविवारी आमच्याकडून येतोस का? भाडं देतो, जेवण आहे, वर बघू." हे 'वर बघू' म्हणजे माझं पहिलं मानधन. अकरावीत होतो. सामना संपल्यावर एका गृहस्थांनी घडी केलेल्या नोटा माझ्या खिशात कोंबल्या आणि म्हणाले, "सिक्स भारी मारतोस रे, पण एक धाव पळायला लाजतोस काय?"

घरी आईनं त्या नोटा दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवल्या. कडगंचीच्या घरात हे ओघानंच आलं. दत्तभक्तांना आमचं गाव सायंदेवांमुळे माहीत असतं. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले. गाणगापूरला आलेली पुण्या-मुंबईची माणसं वाट वाकडी करून आमच्याकडे येतात आणि इथला पोरगा मराठीत पत्ता सांगतो म्हणून खूश होतात. बाकीच्या जगाला गाव कळलं ते २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे. आमच्या माळावर एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण क्रिकेटच्या नकाशावर गाव नव्हतं ते नव्हतंच. आप्पांनी नोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे रोज मिळतंय का?" शेतकऱ्याचा प्रश्न होता. उत्तर नव्हतं.

टेनिस बॉलच्या त्या तीन-चार हंगामांविषयी लेदर बॉलवाले नाक मुरडतात. बॅट आडवी होते, पुढचा पाय लेग साइडला पळतो, सगळं खरं. पण त्या क्रिकेटनं एक गोष्ट भरभरून दिली, तिची किंमत मला फार उशिरा कळली. आठ षटकांच्या सामन्यात सलामीवीराला पंधरा-वीस चेंडू मिळतात, पण संघ जिंकत गेला तर दुपारपर्यंत तोच पोरगा पुन्हा पॅड न बांधता मैदानात उभा असतो, संध्याकाळी पुन्हा. सकाळी शून्यावर उडालास तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. दुपारी दोन षटकार मार, हिशेब मिटला. त्या वयात बाद होणं ही मला शिंक येण्याइतकी साधी गोष्ट वाटायची.

कलबुर्गीला कॉलेजात गेलो आणि लेदर बॉल हातात आला. हेवी टेनिसच्या पुढे हा १५६ ते १६३ ग्रॅमचा गोळा. पहिल्याच आठवड्यात डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. बॅट इंग्लिश विलोची हवी तर दोन क्विंटल तूर विकावी लागणार होती. आप्पांनी बाजार चांगला येईपर्यंत थांब म्हटलं, मी काश्मिरी विलोवर भागवलं. पॅड क्लबाचे, हेल्मेट दोघांत एक. सुट्टीला गावी आलो की सरावाला विकेट नसायची. आमची जमीन काळी, रेगडाची. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मार्चनंतर एखाद्या भेगेत चेंडू रुतून बसलेला मी पाहिला आहे. शास्त्रशुद्ध खेळपट्टीवरही काळी माती चेंडू संथ आणि खाली ठेवते, लाल माती उसळी देते; आमच्याकडे तर शास्त्र नव्हतं, फक्त रेगड होती. तिच्यावर काथ्याची मॅट अंथरून खिळे ठोकायचे. मॅटखाली जमीन टणक असेल तर चेंडू छातीवर येतो, भुसभुशीत असेल तर घोट्यावर. गावाकडचा पोरगा पुढच्या पायावर जायला का कचरतो, याचं उत्तर त्याच्या मनात शोधण्याआधी मॅटखाली शोधावं.

कलबुर्गीचे आमचे सर कन्नड. मराठी समजायचं, बोलायचे नाहीत. त्यांनी मला मारायला बंदी केली. ऑफ स्टंपबाहेरचा प्रत्येक चेंडू सोडायचा. नेटच्या मागे खुर्ची टाकून बसायचे आणि माझी बॅट जरा हलली की ओरडायचे, "बिडो!" सोड. कित्येक संध्याकाळी मी फक्त चेंडू सोडले. हे काम बाहेरून दिसतं तितकं रिकामं नाही. आपला ऑफ स्टंप नेमका कुठे आहे, हे पाठीमागे न पाहता कळावं लागतं. चेंडू सोडताना डोकं त्याच्या रेषेत आणावं लागतं. आणि ज्याला षटकाराचे पैसे मिळत आले आहेत, त्याला हात आवरणं फार जड जातं. रविवारी निंबर्ग्याहून फोन यायचा, सामना आहे, ये. सरांना कळलं तर नेट बंद. पैसे तिकडे होते, क्रिकेट इकडे.

कर्नाटक क्रिकेट असोसिएशनच्या रचनेत कलबुर्गी आणि बिदर हे जिल्हे रायचूर झोनमध्ये येतात. झोनच्या निवड चाचणीला शेकड्यांनी पोरं. प्रत्येकाच्या वाट्याला नेटमध्ये मोजके चेंडू, तेही आधी आलेल्यांनी जुना केलेला बॉल. मी नेमके सगळे चांगले चेंडू सोडले आणि उरलेल्यांतले दोन कव्हरकडे मारले. निवडकर्त्यांपैकी एकानं वहीतून मान वर न करता विचारलं, "कुठला?" कडगंची म्हटल्यावर मान वर केली, "आळंदजवळचं?" माझं नाव यादीत आलं. झोनकडून खेळताना हळूहळू लक्षात आलं की बंगळुरू सोडून आलेल्या आम्हा सगळ्यांना तिथे एकच नाव आहे, मोफुसिल. त्यात तिरस्कार नसतो, फारतर कंटाळा असतो. घटनेच्या ३७१ जे कलमानं आमच्या भागाला शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा दिल्या. कव्हर ड्राइव्हसाठी तशी काही तरतूद नाही, आणि नसावीच. पण मैदानं मात्र कुठल्या तरी कलमात बसवता आली असती.

मग बंगळुरूची लीग. तिथल्या एका क्लबनं खालच्या डिव्हिजनमध्ये नोंदणी केली. म्हणजे शुक्रवारी रात्री कलबुर्गीला सोलापूर-हसन एक्सप्रेस पकडायची, किट बॅग दोन बर्थच्या मध्ये उभी करायची, सकाळी उतरून तोंड धुऊन थेट मैदान. आणि मग वाट पाहायची. टॉस हरलो तर दिवसाचा मोठा भाग फिल्डिंगमध्ये. जिंकलो तर सहाव्या नंबरावर पॅड बांधून बसणं. वरच्या चौघांनी धावा केल्या की माझी पाळी यायची तेव्हा शेवटची तीन षटकं उरलेली. कधी पाऊस. कधी समोरचा संघ ऐंशीत गारद होऊन आमच्या सलामीवीरांनीच सामना संपवलेला. फलंदाजीची खरी पाळी मला पंधरा दिवसांतून एकदा यायची.

त्याच संघात बंगळुरूचा एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. शनिवारी आम्ही दोघंही शून्यावर बाद झालो. मंगळवारी त्यानं कॉलेजसाठी साठ केल्या, गुरुवारी एका कंपनीच्या संघातून चाळीस. शनिवारचं शून्य त्याला आठवतही नव्हतं. माझं शून्य माझ्याबरोबर परतीच्या गाडीत बसलं, शेतात आलं, जेवायला बसलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा माझ्याबरोबर क्रीजवर उभं राहिलं. दोघांच्या खेळात सुरुवातीला काही फरक नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. वर्षभरात पडला. तो मोकळा खेळत गेला, मी जपून. जपून खेळणारा फलंदाज चांगला चेंडू अडवतो हे ठीक. तो वाईट चेंडूही अडवतो, तिथं गणित बिघडतं. टेनिस बॉलवर गावोगाव बोलावला जाणारा पोरगा बंगळुरूत 'टुकटुक' म्हणून ओळखला जाऊ लागला. सरांनी सोडायला शिकवलं होतं, ते मी शिकलो. मारायचं कधी, हे शिकायला जेवढे डाव लागतात तेवढे मला मिळत नव्हते.

फलंदाजाच्या धंद्याची ही जात लोकांच्या लक्षात येत नाही. गोलंदाजाला चौकार बसला तरी पुढचा चेंडू त्याच्याच हातात असतो. फलंदाजाची एक चूक झाली की दिवस संपला. त्यामुळे उमेदवारीच्या काळात त्याला सगळ्यात जास्त गरज असते ती बाद होण्याची मुभा मिळण्याची. मुंबईनं हे फार पूर्वी ओळखलं होतं. सचिन तेंडुलकरांच्या लहानपणाची गोष्ट सांगताना आपण स्टंपवरच्या नाण्यात रमतो. मला त्यातली महत्त्वाची वस्तू वाटते ती आचरेकर सरांची स्कूटर. सर त्यांना मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. इथे बाद झाला की तिकडच्या सामन्यात फलंदाजीला. त्यासाठीच तर हा मुलगा घर सोडून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. अंगच्या गुणांबद्दल वाद नाही. पण आमच्या माळावर दुसरं मैदानच नव्हतं, तर स्कूटर नेणार कुठे? गदगचे सुनील जोशी पहाटे हुबळीला सरावाला जाऊन शाळेच्या वेळेला परत गदगला यायचे, ही गोष्ट कर्नाटकातल्या प्रत्येक मोफुसिल पोराला पाठ असते. ते झाले डावखुरे फिरकी गोलंदाज. नेटमध्ये ते हवे तितके चेंडू टाकू शकत होते. फलंदाजाला मात्र नेटमधल्या शंभर चेंडूंतून मैदानातला एक डाव मिळत नाही.

आमची सीमा क्रिकेटमध्येही आडवी येते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. वागदरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथला पोरगा सोलापूर जिल्ह्याकडून खेळणार आणि पुण्याच्या असोसिएशनकडे पाहणार. माझे मामा सोलापूरला. ते म्हणायचे, "इकडं ये, आपली भाषा, आपली माणसं." दहावीनंतर गेलो असतो तर कदाचित जमलंही असतं. नंतर ते दार बंद झालं, कारण शाळेचे दाखले, रहिवासाचे पुरावे आणि एकदा झालेली नोंदणी या गोष्टी भाषा विचारत नाहीत.

सोलापूरचंच उदाहरण घ्यायचं तर अर्शिन कुलकर्णीचं. १५ फेब्रुवारी २००५ला सोलापुरात जन्म, क्रिकेटसाठी पुणे. २०२३च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून ५४ चेंडूंत ११७, त्यात तेरा षटकार. त्याच वर्षाच्या अखेरीस लखनऊनं त्याला आयपीएलसाठी घेतलं. २०२४च्या आरंभी एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक. इथवर सगळी चढती कमान. मग ३० एप्रिल २०२४, मुंबईविरुद्ध आयपीएलमधला पहिला डाव: पहिल्या चेंडूवर पायचीत. पाच दिवसांनी कोलकात्याविरुद्ध नऊ धावा, आणि रमणदीप सिंगनं मागे पळत जाऊन घेतलेला तो झेल, जो टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला गेला. त्या चित्रफितीत बाद होणारा कोण, हे कुणी पाहत नाही. आम्ही पाहिलं, कारण तो सोलापूरचा. आळंदच्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात निकाल लागून गेला होता: "संपलं याचं."

संपलं नव्हतं. जानेवारी २०२५मध्ये बडोद्यात विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पंजाबविरुद्ध त्यानं १०७ धावा केल्या, १३७ चेंडू खेळून. मला त्यातली शतकापेक्षा चेंडूंची संख्या आवडली. ५४ चेंडूंत ११७ करणारा हात १३७ चेंडू आवरला गेला होता. उपांत्य फेरीत विदर्भानं ३८० केल्या तेव्हाही त्यानं ९०पर्यंत मजल मारली, महाराष्ट्र हरला. एक शून्य आणि एक नऊ पचवून पुढे जाता आलं, कारण मधल्या काळात त्याला खेळायला मिळत राहिलं. हेवा वाटतो का? वाटतो. त्याच्या षटकारांचा नाही, त्या मधल्या डावांचा.

मोठ्या नावांच्या बाबतीत आपण हा मधला काळ कात्रीनं कापून टाकतो. राहुल द्रविड घरात मराठी बोलणारे, बंगळुरूत वाढलेले. त्यांचं रणजी पदार्पण फेब्रुवारी १९९१मध्ये पुण्यात, समोर महाराष्ट्र. त्यांनी ८२ केल्या. मराठी पोरगा कर्नाटककडून, पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध. आमच्या भागातल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही, आमची लग्नंसुद्धा अशीच जुळतात. लॉर्ड्सवरच्या ९५ धावा आल्या जून १९९६ला. मधल्या पाच वर्षांत रणजीचे हंगाम आहेत, गाड्यांचे प्रवास आहेत, कुणाला न आठवणारे डाव आहेत. त्यांची कारकीर्द या पाच वर्षांत घडली असं माझं मत आहे. लॉर्ड्सनं फक्त ती दाखवली.

आमच्या अधिक जवळचं नाव येरे गौड यांचं. जन्म रायचूरचा, म्हणजे आमच्याच झोनमधला. सुरुवात कर्नाटककडून, पण भरभराटीची वर्षं रेल्वेकडून, आणि शेवटी पुन्हा कर्नाटककडून. रेल्वेनं २००१-०२मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली, २००४-०५मध्ये पुन्हा. मधल्या फळीतला हा खांब दोन्ही वेळा संघात. प्रथम श्रेणीत सात हजारांहून जास्त धावा, भारताची टोपी नाही. आमचे सर त्यांचं नाव जेवढ्या आदरानं घ्यायचे तेवढ्या आदरानं मी त्यांना कुठल्याच कसोटीवीराचं नाव घेताना ऐकलं नाही. त्या पिढीत व्यावसायिक क्रिकेटपटू याचा अर्थ क्रिकेटच्या जोरावर नोकरी लागलेला माणूस. नोकरी म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे दोन सामने वाईट गेले तरी तिसरा खेळता येणं. आप्पांना क्रिकेटमधलं एवढंच कळायचं आणि ते बरोबर कळायचं. मीही स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिरातींची कात्रणं जमवली, चाचण्या दिल्या. प्रत्येक ठिकाणी राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र मागत. राज्याकडून खेळण्यासाठी डाव हवेत, डावांसाठी बंगळुरूत राहायला हवं, राहण्यासाठी पगार हवा. हे वर्तुळ फोडून जाणारे असतात. मी त्यांच्यात नव्हतो.

आता पैशाचं चित्र बदललं आहे, तेही सांगायला हवं. २०२१मध्ये क्रिकेट मंडळानं देशांतर्गत मानधन वाढवलं: रणजीत वीस सामन्यांपर्यंतच्या नवख्याला दिवसाला ४० हजार, चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६० हजार, एकोणीस वर्षांखालच्या पोरालाही दिवसाला २० हजार. म्हणजे अंतिम अकरातला नवखा चार दिवसांच्या एका सामन्यात एक लाख साठ हजार घेऊन घरी येतो. हा आकडा आळंद तालुक्यातल्या प्रत्येक पालकाला तोंडपाठ आहे. राज्याच्या संघाआधीच्या पायरीवर मिळतात शून्य रुपये, हे कुणी पाठ करत नाही. २०२२मध्ये कर्नाटकची टी-२० स्पर्धा, महाराजा ट्रॉफी, सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी मनीष पांडे यांच्या नेतृत्वाखाली आमच्या कलबुर्गीचे गुलबर्गा मिस्टिक्स जिंकले. कलबुर्गीत फटाके वाजले. सामने मात्र सगळे म्हैसूर आणि बंगळुरूत. आपल्या गावाचं नाव जर्सीवर पाहून ऊर भरून येतो हे खरं, माझाही आला. नाव गेलं तशी दोन पोरंही तिथवर जावीत, एवढीच तक्रार.

मी खेळणं थांबवलं तेव्हा काही मोठा प्रसंग वगैरे घडला नाही. एका हंगामात क्लबनं नोंदणीसाठी विचारलं नाही, मी फोन केला नाही. एक वर्ष पुन्हा टेनिस बॉलवर गेलो, पण सरांचं 'बिडो' हातात इतकं मुरलं होतं की यॉर्करसुद्धा अदबीनं अडवायचो. प्रेक्षक हसायचे. मग सरांनीच बोलावलं, पोरं जास्त झालीत, मदतीला ये.

आता कलबुर्गीत सकाळ-संध्याकाळ नेट घेतो आणि रविवारी सगळा भर सामन्यांवर देतो. नेट कमी, डाव जास्त. बारा-बारा षटकांचे तुकडे पाडतो, दिवसाला तीन सामने, संघ दर वेळी बदललेले. बाद झालेला पोरगा बाहेर बसत नाही. संघाच्या पाच धावा कापल्या जातात आणि तो खेळत राहतो. दुसऱ्या डावात सकाळी शेवटी आलेला सलामीला जातो. जो तीनदा एकाच चुकीनं बाद होतो, त्याला संध्याकाळी ती चूक मी काही न सांगता दिसलेली असते. पंचगिरी आणि स्कोअरिंग पोरंच करतात, त्यामुळे भांडणं भरपूर. आळंदहून मोटरसायकलवर मुलाला घेऊन येणाऱ्या एका पालकांना हा प्रकार अजिबात पसंत नाही. मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, असं आउट होऊन खेळत राहिला तर विकेटची किंमत कधी कळणार याला?" मी म्हटलं, "काका, ती किंमत मोजायला पुढं सगळी माणसं बसलीच आहेत. आपण इथं तरी नको." पटलं नाही. मुलाला आणायचं मात्र सोडलेलं नाही.

या पोरांत एक डावखुरा आहे, चौदा वर्षांचा, घरी मराठी, शाळेत कन्नड. चेंडू उशिरा खेळतो. ही देणगी शिकवून येत नाही. झोनच्या चाचणीला त्याचं नाव द्यायचं ठरत असतानाच त्याचे मामा सोलापूरहून आले. त्याला तिकडे न्यायचं म्हणतात, पुढे पुणे वगैरे. दाखल्यांचं सगळं वेळेत होईल, भाषा आपली, घर आपलं. मुलाची आई गप्प, वडील माझ्याकडे पाहत होते. मी मामांना एकच विचारलं: तिकडे याला आठवड्याला किती डाव मिळतील, नेट नव्हे, डाव? त्यांनी ते विचारलंच नव्हतं. चौकशी करून रविवारपर्यंत कळवतो म्हणालेत. तोवर झोनचा फॉर्म मी भरून ठेवला आहे, पाठवलेला नाही.